ताहिरच्या जागेवर बसलेले बू यासीन

पावसकर सरांनी स्वतःच्या घराची बेल वाजवली तेव्हा चावी त्यांच्या हातातच होती. मी शेजारी उभी होते. आधी वाटलं, विसरले असतील. पण त्यांनी चावी खिशात टाकली, दोन पावलं मागे सरकले आणि परक्या माणसासारखे दाराकडे बघत उभे राहिले. ते विसरलेले नव्हते. तो धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही. त्यांच्याबद्दल लिहायचं ठरवलं तेव्हा दुसरं काही आधी आठवेना, म्हणून तिथूनच सुरुवात केली. नीट जमेल की नाही, सांगता येत नाही.

महमूद पावसकर हे अमिरातीतल्या फुजैरा शहरातल्या एका व्यावसायिक फुटबॉल क्लबात संघबांधणीचे प्रमुख होते. क्लब त्या वर्षी वरच्या लीगमधून खालच्या लीगमध्ये घसरला होता. असं झालं की संघ मोडून पुन्हा बांधावा लागतो. कुणाला ठेवायचं, कुणाला सोडायचं, कुणाच्या बदल्यात कुणाला आणायचं, हे सगळं त्या एका उन्हाळ्यात ठरायचं होतं. मी दुबईत स्पोर्ट्स मॅनेजमेंट शिकते. सुट्टीतली इंटर्नशिप म्हणून मला तिथे सामन्यांचे व्हिडिओ बघून खेळाडूंचं मूल्यमापन करायचं काम मिळालं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबा अल मनखूलमधल्या एका लाँड्रीत इस्त्री करतात. मी प्रवेश घेतला तेव्हा त्यांनी घाबरत विचारलं होतं की फुटबॉलचीपण डिग्री असते का. आई म्हणाली होती, असेल, नाहीतर फी कशाची घेतात.

क्लबात सरांना पावसकर कुणीच म्हणत नसे. अरबी लोकांत मोठ्या माणसाला त्याच्या थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. आमचे डायरेक्टर बू राशिद, म्हणजे राशिदचे वडील. तसे सर बू यासीन. माळीकाका, कोच, गेटवरचा सिक्युरिटी, सगळे बू यासीनच म्हणायचे. आणि हा यासीन आमच्याच संघात मिडफिल्डला खेळायचा. त्या उन्हाळ्यातला सगळ्यात अवघड प्रश्न त्याचाच होता: यासीन संघात राहणार की जाणार. ठरवणार होते त्याचे वडील.

पहिल्या दिवशी सरांनी मला एक हरलेला सामना लावायला सांगितला आणि आवाज बंद करायला लावला. मी मन लावून बघू लागले. ते खुर्ची ओढून जवळ आले आणि त्यांनी स्क्रीनवर बॉलवर अंगठा ठेवला. बॉल पुढे गेला की अंगठाही पुढे. मला वाटलं गंमत करतात. पण पूर्ण हाफभर ते तसेच बसून राहिले, बॉल झाकत.

"बॉल बघायला स्टेडियमभर माणसं हायत, बाय," ते म्हणाले. "आपल्याला पगार बाकीचं बघायला मिळतो."

बाकीचं म्हणजे काय, ते मला हळूहळू समजलं. बॉल गेल्यावर कोण उभा राहतो, कोण धावतो. सहकाऱ्याची चूक झाली तर कोण हात झटकतो आणि कोण त्याची जागा भरायला जातो. मी कॉलेजात शिकल्याप्रमाणे पास, टॅकल, धाव अशी आकडेवारी काढून न्यायचे. ते ती मन लावून वाचायचे, त्यातल्या चुका काढायचे, पण टाकून कधी दिली नाही. फक्त विचारायचे, हा गोल खाल्ल्यावर काय करतो ते कुठल्या कॉलममध्ये आहे. नसेल तर कॉलम वाढव म्हणायचे. मी वाढवत गेले.

सर मूळचे रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावातले. तरुणपणी मुंबईत एका बँकेच्या संघातून लेफ्ट बॅक खेळले, मग फुजैराला तेलाच्या बंदरावर नोकरीला आले, आणि फुटबॉलनं त्यांना पुन्हा कसं पकडलं ते मी कधी सविस्तर विचारलं नाही. उंच, जरा वाकलेले, इस्त्रीच्या पँटवर धावायचे बूट. काळा सुलेमानी चहा सतत समोर, बहुतेक वेळा गार झालेला. खेळाडूंना त्यांनी माशांची नावं ठेवली होती, आणि ती फक्त माझ्याशी बोलताना वापरायचे, कारण मराठी तिथे आम्हा दोघांनाच यायचं. धक्का लागला की कोसळणारा विंगर म्हणजे बोंबील. पुढे जायचं सोडून आडवाच पास देणारा खेकडा. बाजारात ज्याच्यासाठी सगळे भांडतात आणि घरी आणल्यावर जो दोन घासांत संपतो तो पापलेट. आमचं गाव आटपाडीकडे, माझ्या घरी मासे शिजत नाहीत. मला अर्धे मासे माहीतच नव्हते. मी फोनवर त्यांचे फोटो शोधायचे तेव्हा ते मान हलवून म्हणायचे, "एवढी शिकली, पण बांगडा ओळखत नाय."

बांगडा म्हणजे ताहिर. यासीनसारखाच मिडफिल्डर, यासीनच्याच वयाचा. ताहिरचे आईवडील सुदानचे, वडील बंदरावर क्रेन चालवायचे. बांगडा कसा, रोज चालतो, कंटाळा येत नाही, असं सर म्हणायचे. यासीन कुठला मासा, असं मी एकदा विचारलं. त्यांनी दुसराच व्हिडिओ लावायला सांगितला.

त्यांची कामाची एक पद्धत होती, ती मी दुसरीकडे कुठे बघितलेली नाही. खेळाडूबद्दल जे काही बोलायचं ते ड्रेसिंग रूममध्ये, त्या खेळाडूच्या जागेवर बसून बोलायचं. तिथे प्रत्येकाची जागा ठरलेली असते. बाकावर बसायची जागा, वर खुंटी, मागे नावाची पट्टी. सुट्टीत खोली रिकामी आणि तिथला एसी बंद. फुजैराचा जून, समुद्रावरून येणारा वारासुद्धा भिजवून पिळलेल्या गरम कपड्यासारखा. अशा खोलीत सर सगळ्यांना न्यायचे, अगदी कोचलाही.

कोच पोर्तुगालचा होता. त्याला हा प्रकार आवडायचा नाही. एकदा ऑफिसात तो आमच्या दुसऱ्या गोलकीपरला आळशी म्हणाला. सर म्हणाले, चला, तिथे बसून बोलू. कोच वैतागत त्या गोलकीपरच्या जागेवर जाऊन बसला. वरच्या फळीला लहान मुलानं काढलेलं चित्र चिकटवलेलं होतं: मोठे हात, पिवळा सूर्य, तिरका गोलपोस्ट. कोचनं ते वाकून बघितलं. मग म्हणाला, तो आळशी नाही, सावकाश आहे. बाहेर आल्यावर सर मला म्हणाले की आता कामाचं बोलला. सावकाश हे मोजता येतं, आळशी ही नुसती शिवी झाली. त्या गोलकीपरला आम्ही सोडलं, पण कागदावर सावकाश असंच लिहून सोडलं, आणि त्याला दुसरा क्लब मिळाला.

दुसरी पद्धत दाराची. करार संपवायचं ठरलं की क्लबचं पत्र जायच्या आधी सर स्वतः त्या खेळाडूच्या घरी जायचे. फोन करायचे नाहीत. हातात ओमानी हलव्याचा डबा. बेल वाजवायची, दोन पावलं मागे उभं राहायचं, दारातच सांगायचं आणि मग आत बोलावलं तरच आत जायचं. मुंबईत असताना त्यांना संघातून काढल्याचं बँकेच्या शिपायानं कँटीनमध्ये सांगितलं होतं, सगळ्यांसमोर, वडा खाता खाता. एवढंच मला माहीत आहे. आणि ज्याने मूल्यमापन केलं त्यानेही दारात उभं राहायचं, हा त्यांचा नियम होता. म्हणजे मी.

या देशात खेळाडूला सोडणं म्हणजे फक्त संघातून काढणं नसतं. करार गेला की व्हिसा जातो, घर जातं, मुलांची शाळा जाते. ते मला कळत होतं, पण कळणं वेगळं. आमच्या पापलेटला, म्हणजे सगळ्यात जास्त गोल केलेल्या ब्राझीलच्या स्ट्रायकरला सोडायचं ठरलं तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेले. त्याच्या बायकोनं दार उघडलं, डबा बघितला, सरांचं पहिलं वाक्य ऐकलं आणि दार आपटलं. मी जिन्याकडे वळले. सर हलले नाहीत. मग जिन्याच्या पायरीवर बसले आणि मला शेजारी बसायला सांगितलं. बराच वेळ गेला. आतून मुलं काहीतरी विचारत होती, आई मोठ्यानं बोलत होती. शेवटी स्ट्रायकरनं स्वतः दार उघडलं. सर आत गेले आणि त्याला सरळ सांगितलं की तू छान खेळतोस, पण तू गोल करावास म्हणून बाकीचे सगळे तुझ्या वाटचं धावून थकतात, खालच्या लीगमध्ये ते आम्हाला झेपणार नाही. कुठला क्लब त्याला घेईल तेही सांगितलं. निघताना त्याची धाकटी मुलगी हलवा खात होती. माझे पाय जिना उतरताना थरथरत होते. सर म्हणाले, "थरथरू दे. ज्या दिवशी थरथरायचे बंद होतील त्या दिवशी हे काम सोड."

फुजैरात मी एका नर्सच्या खोलीत बेडस्पेस, म्हणजे नुसती एक खाट, भाड्याने घेऊन राहायचे. सरांच्या घरी खालांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हे कळल्यावर माझं दुपारचं जेवण त्यांच्याकडेच ठरून गेलं. मला मासे चालत नाहीत म्हणून त्या माझ्यासाठी वेगळी वांग्याची भाजी आणि तांदळाच्या भाकऱ्या करायच्या. टेबलावर सर आणि यासीन समोरासमोर. सर मराठीत विचारायचे, यासीन इंग्रजीत उत्तर द्यायचा. फुटबॉलचं एक अक्षर नाही. तो खालांनी केलेला नियम होता. यासीन दिसायला अगदी सरांसारखा, तसाच वाकून चालायचा. ताहिर आणि तो लहानपणापासून एकाच क्लबात. ताहिरही कधीकधी जेवायला असायचा, आणि खाला त्याच्या ताटात न विचारता मासा वाढायच्या.

मग जूनच्या शेवटी दुबईच्या एका क्लबाकडून विचारणा आली. आमच्याच लीगमधला क्लब. त्यांच्याकडे अनुभवी सेंटर बॅक होता, शांत, हवेतला बॉल कधी न सोडणारा. आमचा संघ घसरला तोच मुळी बचावामुळे. असा माणूस विकत घ्यायची क्लबची ऐपत नव्हती. पण ते अदलाबदल करायला तयार होते. त्यांना हवा होता इथे जन्मलेला, इथेच वाढलेला परदेशी पासपोर्टचा तरुण मिडफिल्डर. अशा मुलांसाठी संघात मोजक्या जागा राखलेल्या असतात, म्हणून त्यांना मागणी असते. आमच्याकडे असे दोघे होते. यासीन किंवा ताहिर, कुणीही द्या, असं त्यांचं म्हणणं.

सरांनी मला दोघांचं मूल्यमापन करायला सांगितलं. मी केलं. पुन्हा केलं. दोघे जवळजवळ सारखे होते. यासीन थोडा पुढे होता. मी तसं लिहिलं. सरांनी वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, हा ‘थोडा’ कुठून आला. मी म्हटलं, आकड्यांतून. ते म्हणाले, बरं. पण त्या रात्री मला झोप येईना. मला त्या घरातली वांग्याची भाजी आठवत होती. तो ‘थोडा’ खरंच आकड्यांतून आला होता का, ते मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

निर्णयाच्या दिवशी बू राशिद ड्रेसिंग रूममध्ये आले. पांढराशुभ्र कंदूरा, म्हणजे पायघोळ अरबी झगा घातलेले, घामानं ओले, पण सरांची पद्धत त्यांनाही ठाऊक होती. कोच होता, मी होते. सरांनी मला यासीनच्या जागेवर बसवलं आणि बोल म्हणाले. मी आवाज सांभाळत बोलले. यासीनला ठेवावं, असं माझं मत सांगितलं. कोचनं मान हलवली, त्याचंही तेच मत होतं.

बू राशिदना बैठक लवकर संपवायची होती. ते चांगले गृहस्थ होते, सरांशी नेहमी हिंदीत बोलायचे. म्हणाले, "बू यासीन, तुम्हारा बेटा है. ताहिर को भेजो. कोई कुछ नहीं बोलेगा. खलास."

सर उठले. खोलीच्या पलीकडच्या बाजूला गेले आणि ताहिरच्या जागेवर बसले.

आम्ही तिघेही बघत राहिलो. ते नेहमी उभे असायचे. दुसऱ्यांना बसवायचे, स्वतः मधोमध उभे राहून ऐकायचे. मी त्यांना त्या बाकावर बसलेलं त्याआधी कधी बघितलं नव्हतं. ते गुडघ्यांवर हात ठेवून हिंदीत म्हणाले की या खोलीत यासीनचा बाप आहे, यासीनच्या घरी जेवणारी ही मुलगी आहे, यासीनला लहानपणापासून ओळखणारे तुम्ही आहात. ताहिरचं इथे कोण आहे? म्हणून मी त्याच्यातर्फे बोलतो. आणि मग ताहिरबद्दल बोलले. कुठला सामना, कुठलं मिनिट, कुणाची चूक त्यानं भरून काढली. त्यातलं खूपसं माझ्या कुठल्याच कॉलममध्ये नव्हतं. ते इतके वेळ आणि इतकं मनापासून बोलले की शेवटी मला वाटू लागलं, ताहिरच यांचा मुलगा आहे.

बू राशिदनी विचारलं, "और यासीन?"

"यासीन जाएगा," सर म्हणाले.

कोच उठून बाहेर गेला. मी यासीनच्या जागेवर तशीच बसून होते. माझ्या पाठीला त्याच्या नावाची पट्टी लागत होती. मला राग आला होता की रडू, ते समजत नव्हतं. सर माझ्याकडे आले आणि म्हणाले, चल, हलवा घेऊ.

मी म्हटलं, सर, मी तर ठेवा म्हणाले होते. मी कशाला दारात उभी राहू?

"म्हणून तर चल," ते म्हणाले. "तुझ्यासमोर मला खोटं बोलता येणार नाय."

तर ती बेल. खालांनी दार उघडलं. हात पिठाचे होते.

"चावी हरवलीत काय?" त्या म्हणाल्या, आणि मग त्यांची नजर डब्यावर गेली.

दर उन्हाळ्यात असा डबा घेऊन सर त्यांच्याच घरून निघायचे. तो कुठे जातो आणि तिथे काय होतं, हे या शहरात त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार. त्यांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"डबा बाहेर ठेवा," त्या म्हणाल्या, "आणि मग घरात या."

"मी क्लबकडून आलोय."

"मग बाहेरच उभे राहा."

आतून यासीनचा आवाज आला, हू इज इट, मम्मा? खाला दारातून बाजूला झाल्या नाहीत. मान न वळवता म्हणाल्या, "क्लबचा माणूस आलाय."

यासीन बाहेर आला. गळ्यात हेडफोन, एका पायात मोजा. त्यानं वडिलांना बघितलं, डबा बघितला, मला बघितलं. त्याला समजायला क्षणही लागला नाही. त्यानं क्लब कुठला ते विचारलं. सरांनी दुबईचा म्हणून सांगितलं. बदल्यात कोण, तेही विचारलं. सरांनी सेंटर बॅकचं नाव घेतलं. यासीन म्हणाला, ही इज गुड. अगदी सरळपणे म्हणाला.

मग त्यानं विचारलं, "ताहिर ऑर मी, राइट?"

"हो."

"वॉज आय वर्स?"

बाकी सगळ्या दारांत त्यांच्याकडे कारण तयार असायचं, खेळातलं, मोजता येणारं. इथे त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं.

"नाय," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाचा मुलगा असतास तर ठेवला असता."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. जिन्यात वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी घरी मिक्सर चालू होता, तेवढाच आवाज. खाला बोलल्या. आवाज चढवला नाही.

"म्हणजे तुमचं नाव स्वच्छ राहावं म्हणून पोर चाललंय."

"असेल," सर म्हणाले.

मला त्या सगळ्यात हा एक शब्द पचला नाही. मला वाटलं होतं ते सांगतील, ड्रेसिंग रूममध्ये सांगितलं ते सगळं, ताहिरच्या बाजूनं बोलायला कुणी नव्हतं वगैरे. ते ऐकून मीही थोडी मोकळी झाले असते. त्यांनी काहीच सांगितलं नाही. नुसते उभे राहिले, डबा दोन्ही हातांत धरून. यासीननं पुढे होऊन त्यांच्या हातातून तो डबा घेतला, थँक यू म्हणाला, आणि आत गेला. खालांनी दार लावलं. आपटलं नाही, लावलं.

सर पायरीवर बसले. यावेळी मला बस म्हणाले नाहीत. मी तरी बसले. त्यांच्या खिशात चावी होती. त्यांनी ती बाहेर काढली नाही. किती वेळ गेला मला माहीत नाही. दार उघडायच्या आधी त्यांनीच मला जायला सांगितलं.

इंटर्नशिप संपली, मी दुबईला परत आले. कॉलेजात यावर मी एकदा बोलून बघितलं, नावं न घेता. वर्गात दोन तट पडले. निम्मे म्हणाले, हीच खरी निष्ठा. निम्मे म्हणाले, हा अन्यायच आहे, बापाच्या नावाची किंमत मुलानं का भरायची. बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली आणि म्हणाले, मला जमलं नसतं. मग पुन्हा इस्त्री उचलली. सेंटर बॅक चांगला निघाला. संघ तक्त्यात वर सरकला. ताहिर रोज खेळतो. अदलाबदल बरोबर ठरली, असं म्हणता येईल. मी ते माझ्या रिपोर्टमध्ये लिहिलं आहे. तोंडानं मात्र म्हणवत नाही.

त्यानंतर सरांना मी एकदाच बघितलं, थंडीत, यासीनचा क्लब फुजैराला खेळायला आला तेव्हा. मी बसने गेले. खाला पाहुण्या संघाच्या बाजूला बसल्या होत्या, मी त्यांच्याजवळ बसले. सर समोर, फुजैराच्या बाजूच्या बाकावर. यासीन दुसऱ्या हाफमध्ये आला, बरा खेळला. सामना बरोबरीत सुटला. शेवटी ताहिर आणि तो गळ्यात गळा घालून हसत होते, आणि खाला त्या दोघांकडे बघत टाळ्या वाजवत होत्या.

बाहेर पार्किंगमध्ये मी खालांना गाडीपर्यंत सोडायला गेले. सर आधीच येऊन स्टिअरिंगवर बसले होते. मला बघून त्यांनी काच खाली केली, काय गो, कॉलेज काय म्हणतं, असं विचारलं. थकलेले दिसत होते. खालांनी मागचं दार उघडलं आणि सरांच्या मागच्या सीटवर सरकून बसल्या. मी पुढचं दार उघडून धरलं होतं, ते तसंच राहिलं.

"त्या दिवसापासून मी मागेच बसते," त्या म्हणाल्या, मला, पण सरांना ऐकू जाईल असं. "सिग्नलला लोकांना वाटतं बाईनं ड्रायव्हर ठेवलाय."

सर समोरच्या काचेतून बाहेर बघत होते. मी पुढचं दार हळूच लावलं.

तेवढ्यात यासीन आला, खांद्याला बॅग. त्याला दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, घरी राहायला येणार होता. मला हाय म्हणाला. डिकीत बॅग टाकली. मग ड्रायव्हरच्या बाजूला गेला आणि दार उघडलं.

"मूव्ह, बाबा. आय विल ड्राइव्ह."

सर उतरले. गाडीच्या पुढून वळसा घालून पलीकडे आले, माझ्या बाजूला. तिथे दोन दारं होती. ते दोन्हींच्या मधे उभे राहिले. यासीन सीट पुढेमागे करत होता, आरसा बघत होता, त्याला घाई नव्हती. सरांनी मागचं दार उघडलं.

खालांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. शेजारच्या सीटवर त्यांची पर्स होती. ती त्यांनी उचलून मांडीवर घेतली.